नलूताई, डी अजून शाबूत आहे

तुम्ही महाडच्या बाजारात कधी ना कधी काहीतरी टाईप करून घेतलं असेल. मुलीच्या लग्नाची पत्रिका, कोर्टात द्यायचा अर्ज, बाराव्याचं कार्ड, नाहीतर तहसीलदारांना निवेदन. कागद हातात आला की तुम्ही एसटी पकडलीत. पण तुमचे ते शब्द दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये मागे राहिले. ते नेमके कुठे राहिले, कुणी सांभाळले, असं तुम्ही कधी विचारलंत का?

हा प्रश्न वाचकांना आहे, नलूताई, पण आधी तो मलाच लागू होतो. तू हे वाचत असतीस तर म्हणाली असतीस, "आली पुढारीणबाई. पहिल्याच ओळीत लोकांना झाडायला सुरुवात." आज झाडायची ताकद माझ्यात नाही. तीन दिवस तुझ्या खुर्चीवर बसून तुझा कॉम्प्युटर उपसते आहे. पाठ धरली आहे, डोळे चुरचुरतायत, आणि दर तासाला कुणीतरी दारातून डोकावून विचारतं, "ताय नाय का?" मी नाही म्हणते. दर वेळी तेवढंच जड जातं.

तू कधी जन्मलीस, किती शिकलीस, कशाने गेलीस, ते मी लिहिणार नाही. ते तुझ्या भावाने कार्डावर छापून घेतलंय आणि त्यात दोन चुका आहेत. तुझ्या दुकानात झालं असतं तर एकही झाली नसती.

मला आठवतो तो तुझ्या मॉनिटरच्या माथ्यावर चिकटवलेला कागद. 'सी यंत्राचं, डी माणसांचं.' पिवळा पडलेला, चिकटपट्टी सुटत आलेली. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा बारावीत होते आणि वडिलांचं पत्रक टाईप करायला पोलादपूरहून आले होते. वडील चळवळीतले; आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. मला सलग वाचता आलेले पहिले शब्द 'बंधू आणि भगिनींनो' हे होते. त्यामुळे भिंतीवर काही चिकटवलेलं दिसलं की मी ते वाचते आणि लगेच त्याच्याशी भांडते. तुझ्या कागदाशीही भांडले. "यंत्राचं आणि माणसांचं वेगळं कशाला? यंत्रही माणसानेच केलंय ना?"

तू हसली नाहीस. हातातली पत्रिका पुरी केलीस आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवलीस. डिस्क एकच असते, म्हणालीस, आपण तिचे दोन भाग केलेत. एका भागात, म्हणजे सीमध्ये, कॉम्प्युटर चालवणाऱ्या फायली. त्यांना व्हायरस लागतो, त्या बिघडतात, कॉम्प्युटर सुरूच होत नाही. मग माणगावचा दीपक येतो, सी पुसून टाकतो आणि सीडीवरून नवी सिस्टीम घालतो. त्या वेळी सीमध्ये कुणाचा अर्ज असला तर तोही पुसला जातो. म्हणून अर्ज सीमध्ये ठेवायचाच नाही, दुसऱ्या भागात, डीमध्ये ठेवायचा.

मला कळलं नाही हे तुझ्या लक्षात आलं. मग तू शेजारच्या टेलरकडे बोट दाखवलंस.

"तू वरच्या अंगाची, तुझ्या दारात सावित्री नदीचं पाणी येत नाही. आमच्या येते. तो बघ, मे महिन्यात काय करतो? गिऱ्हाइकांची कापडं माळ्यावर नेतो. स्वतःचं मशीन खाली ठेवतो. का?"

"मशीन जड असतं म्हणून."

"मशीन भिजलं तर पुसून तेल देता येतं. गेलंच तर दुसरं आणता येतं. कुणाच्या नवरीच्या ब्लाऊजचं कापड गेलं तर ते कुठून आणणार?"

"मग पुराचा भोंगा वाजल्यावर नेता येईल की."

"भोंगा वाजल्यावर हात कापतात गो. माणूस हटकून नको ती वस्तू आधी उचलतो. ज्याचा निकाल मे महिन्यात लागला नाही, त्याचा पुरात लागत नाही."

त्या दिवशी मला तुझं म्हणणं पटलं, असं मी तुला कधीच सांगितलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे सिस्टीम सडली की ती पुसून नवी आणायची! ताई, हे तर आमचंच म्हणणं आहे." आणि तू म्हणालीस, "तुमचं म्हणणं अर्धं आहे. तुम्ही थेट पुसायलाच निघता. त्याआधी लोकांचं सामान कुठे हलवलंत, ते तुमच्या एकाही पत्रकात नसतं. मीच टाईप करते, मला माहीत आहे."

हा वाद आपण पाच वर्षं घातला. चहावर घातला, वीज गेलेली असताना हातपंख्याने वारा घेत घातला, तू कुणाच्या निवेदनात 'मेहेरबान साहेबांस' टाईप करत असताना घातला. माझ्याकडे दर वेळी वीस उत्तरं असायची. आज विचार करते तर त्यातलं एकही उत्तर त्या प्रश्नाला नव्हतं.

फोल्डरांवरून वेगळं भांडण. मी म्हणायचे, पत्रिका एकीकडे ठेव, अर्ज एकीकडे, पत्रकं एकीकडे, शोधायला सोपं. तू आधी गावाचं फोल्डर करायचीस, त्यात माणसाचं. नाते गाव, आत नातेचे लोक. वरंध, आत वरंधचे. "कुणी येऊन 'मी अर्ज आहे' म्हणतं का?" असं तू विचारलंस. "म्हातारा दारात उभा राहतो आणि सांगतो, मी अमक्या वाडीचा, माझं नाव तमुक. तो जसा सांगतो तसं मी ठेवते." मी तुला मागासलेली म्हणाले होते. तू त्यावर माझ्या पत्रकातल्या चार शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्यास.

आणि फॉन्ट. दीपकने एकदा सी पुसला आणि डीमधली सगळी मराठी एका दिवसात इंग्रजी अक्षरांचा कचरा झाली, कारण मराठी फॉन्ट सीमध्ये होता. मी विजयाने विचारलं, "आता सांग, फॉन्ट यंत्राचा की माणसांचा?" दोन दिवस तू उत्तर दिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "राहतो यंत्रात, पण असतो माणसांचा." आणि तेव्हापासून डीमध्ये फॉन्टची एक प्रत ठेवायला लागलीस. तेवढी एकच फेरी मी जिंकले, असं मी समजत होते.

आता वरंधच्या वरच्या वाडीचं लिहायला हवं. ते टाळत इथवर आले.

त्या वाडीतली माणसं गुरं राखतात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी करतात, निम्मी घरं मुंबईला कामावर. वाडीचा एकच बारमाही झरा. मुंबईच्या एका शेठने खालची जमीन घेतली आणि झऱ्यालाही आत घेऊन कुंपण घातलं. वाडीने तक्रार केली, सुनावणी लागली. झरा पहिल्यापासून वाडीचा आहे, हे सांगणारा कागद कुणाकडे नव्हता. सांगणारी माणसं होती. मी वर चढून अकरा जणांचं म्हणणं घेतलं. त्यात सगळ्यांत मोठी भागीआजी. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. मला बघून पहिला प्रश्न, "तू मास्तरीन काय?" नाही म्हटल्यावर, "मग लिवत्येस कशाला?"

ते टाईप करायच्या वेळी तुला दम्याने घेरलं होतं. तू दुकानाची किल्ली माझ्या हातात दिलीस आणि चार गोष्टी सांगितल्यास. त्या मी ऐकल्या असं मला वाटलं. दोन दिवस मी तुझ्या खुर्चीवर बसून अकरा जबान्या टाईप केल्या. वहीत फक्त टिपणं होती, अर्धे शब्द, बाण. बाकी सगळं डोक्यात ताजं होतं ते ओतलं. कच्ची प्रिंट काढायची, लाल पेनाने चुका लावायच्या, कॉम्प्युटरवर दुरुस्त करायच्या, प्रिंट फाडून टोपलीत. अकराही फायली मी डेस्कटॉपवर ठेवल्या. मला वाटायचं डेस्कटॉप म्हणजे समोरचं टेबल. तो सीही नाही आणि डीही नाही, तो समोर आहे. डोळ्यांपुढे आहे म्हणजे सुरक्षित आहे.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. निळा पडदा आणि वर पांढरी अक्षरं. मी दीपकला फोन केला. तो मोटारसायकलवरून आला, बघितलं आणि विचारलं, "मॅडम, सी पुसावा लागेल. सीमध्ये तायचं काय हाय काय?"

मी म्हणाले, "काही नाही. ताईचं सगळं डीमध्ये असतं."

किती ठामपणे म्हणाले, नलूताई. सभेत बोलावं तसं.

डेस्कटॉप सीमध्येच असतो हे मला त्यानंतर तासाभराने कळलं. नवाकोरा पडदा, त्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. अकरा माणसं नाहीत.

तू दुसऱ्या दिवशी धापा टाकत आलीस. मी तुझ्यावरच ओरडले. तू मला सांगितलं नव्हतंस, म्हणाले. तू खुर्चीचा आधार घेऊन म्हणालीस, "सांगितलं होतं. उठताना समोरचं सगळं डीमध्ये ओढायचं. तू तेव्हा बोलत होतीस." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. माझी चूक माझ्या अंगावर आली की मला तत्त्व आठवतं. मी म्हणाले, "तुझ्या डीमध्ये दोनशे लग्नपत्रिका सुखरूप आहेत आणि तहानलेली माणसं तेवढी पुसली गेली. तुला पत्रिका सांभाळायला येतात, माणसं नाही."

एका गिऱ्हाइकाने तुला स्टूल दिलं. मी निघाले. टोपली माझ्या पायाशी होती. त्यात माझ्या हातच्या लाल खुणांचे सगळे कागद होते. मी त्या टोपलीला लाथ लागू नये म्हणून वळसा घालून गेले, एवढं आठवतं.

सुनावणीला मी भाषण घेऊन गेले. चवदार तळ्याच्या गावात पाण्यासाठी तोंड उघडायला कुणाची परवानगी लागते का, असं बरंच. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं झालं. वाडीतल्या लोकांचं म्हणणं कुठे आहे?" पुढची तारीख पडली, मग आणखी पुढची. आता ती जूनमध्ये आहे.

श्रावणात भांडलो. दिवाळीच्या आसपास दीपक पोलादपूरला भेटला. "ताय म्हणत होती, एकदा येऊन जा." मी काय उत्तर दिलं ते त्याने तुला सांगितलं नाही, असं तो शपथेवर म्हणतो. मी म्हणाले होते, "पत्रिकांतून वेळ मिळाला का तिला?" तो खोटं बोलत असेल तर बोलू दे. मला ते खोटं हवं आहे.

थंडीत भागीआजी गेली. शिमगा झाला आणि तू गेलीस.

दुकानाच्या मालकाला गाळा रिकामा हवा होता. तुझा भाऊ अनंता मुंबईहून आला. चांगला माणूस आहे, घाईत आहे. त्याने दीपकला सांगितलं, "यार, पूरा साफ कर दे. घरी पोराला गेम खेळायला नेतो. पीसी अच्छा है." दीपकने होय म्हटलं, बाहेर आला आणि मला फोन केला. "मॅडम, मागल्या टायमाला तुम्हाला विचारून पुसला. या टायमाला तुम्ही येऊन बघा, मग पुसतो. मला आता कुणाच्या 'काही नाही'चा भरवसा नाय."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

आम्ही डी उघडला. पोलादपूर, आत माझं नाव, छाया. पंचेचाळीस पत्रकं, वडिलांची आणि माझी. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेली. त्यापलीकडे काही नाही. मी म्हणाले, "बरोबर आहे. मी एवढं बोलले तिला, ती कशाला काय करेल?"

दीपक म्हणाला, "तुमच्या नावात का बघता?"

"मग कुणाच्या?"

"बोलनं कुणाचं होतं?"

त्याने वरंध उघडलं. आत वाडीचं फोल्डर. आत अकरा नावं. सगळ्यांत वर भागीआजी.

मी स्वतःच्या नावात शोधत होते, नलूताई. पाच वर्षं तू मला सांगत होतीस आणि तरी मी स्वतःच्याच नावात शोधत होते.

टोपलीतले कागद तू रद्दीला कधीच देत नव्हतीस, हे मला माहीत होतं. कुणाच्या कोर्टाच्या गोष्टीत कुणी भेळ बांधून देऊ नये म्हणून गोणीत भरून ठेवायचीस आणि शिमग्याला जाळायचीस. त्या गोणीतून तू माझे फाडलेले तुकडे वेचलेस. ते टेबलाच्या खणात सापडले, चिकटपट्टीने जोडलेले, माझ्या लाल खुणांसकट. फायलींवर वेळ दिसते. सगळ्या दुपारी दोन ते तीनच्या मधल्या. शटर अर्धं ओढून तू डबा उघडायचीस ती वेळ. पहिली फाईल आपल्या भांडणानंतर आठवड्याने केलेली आहे. किती दुपारी तू जेवली नसशील, ते मी मोजलं नाही. मला मोजवलं नाही.

दहा जबान्या पूर्ण आहेत. भागीआजीची अर्धी.

ती अशी आहे: 'मी लगीन होऊन आले तवा पयला हांडा त्याच झऱ्यावर भरला. कुंपान नव्हता, वाट होती. सासू संगं होती. सासू बोलली, गो, पानी घेताना' आणि तिथे थांबते. खाली तू कंसात लिहिलंयस: 'पुढचा तुकडा मिळाला नाही. छायाने ऐकलंय. तिला विचारणे.'

म्हणून तू निरोप धाडला होतास.

मला विचार, ताई, आता विचार. मी ऐकलं होतं. तिच्या उंबऱ्यावर बसून, तिने दिलेला कोरा चहा पीत ऐकलं होतं. आणि मला आठवतं ते एवढंच: पाणी सगळ्यांचं आहे. हे तिने म्हटलं होतं की नंतर काढलेल्या पत्रकाला मी दिलेलं मथळ्याचं वाक्य आहे, ते मला सांगता येत नाही. तिचं बोलणं मी माझ्या बोलण्यात ठेवलं होतं. वेगळं ठेवलं नव्हतं. माझं पुसलं गेलं तेव्हा तिचंही गेलं.

परवा मी वाडीवर चढून गेले. भागीआजीची सून सरूवहिनी गोठ्यात होती. मी तिला तुझी प्रिंट वाचून दाखवली. ती शेण काढता काढता ऐकत होती.

"पुढे काय म्हणाली होती सासू तिची?" मी विचारलं.

"ता मला काय ठाव? तुमी लिवीत होता ना?"

तिने हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "मला म्हातारी सांगायची, पयला तांब्या दगडावर वत. पाखरा-वासरांचा तो. मंग आपला हांडा भर. पन तुमाला ताच बोलली, असा काय मी बोलनार नाय. माझ्या तोंडातला तिच्या तोंडात घालू नुका."

बघ. तिला कुणी सी आणि डी शिकवलं नव्हतं.

म्हणून मी आजीचं वाक्य पुरं केलेलं नाही. ते तुझ्या कंसासह तसंच सुनावणीला जाईल. सरूवहिनीचं म्हणणं मी तिथेच बसून लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि काल तिच्या नावाचं फोल्डर केलं. वरंध, आत वाडी, आत ती. बारावं. उठताना समोर काही उरलं नाही ना, ते दोनदा बघितलं. दहा जण अंगठे द्यायला तयार आहेत. झरा सुटेल की नाही, मला माहीत नाही. पण साहेबांनी विचारलं की लोकांचं म्हणणं कुठे आहे, तर या वेळी मी बाजूला सरून उभी राहीन.

एक वाद मात्र राहिलाच. डी वेगळा असला तरी डिस्क तीच. डिस्कच गेली तर दोन्ही जातील, हे मी तुला एकदा म्हणाले होते, नुसतं जिंकण्यासाठी. तू मान हलवली होतीस. "माळाही घरातच असतो. पाणी माळ्याला लागलं की संपलं. खरं तर ज्याचं त्याच्या घरी गेलं पाहिजे." तू नुसतं बोलली नव्हतीस. डीमध्ये सगळ्यांत खाली एक छोटी फाईल आहे. तिचं नाव 'पावसाआधी'. आत गावावार नावांची यादी आणि वर एक ओळ: 'ज्याचं त्याला सीडीवर देणे, सोबत फॉन्ट देणे.' नऊ नावांपुढे खूण आहे. बाकीच्यांपुढे नाही.

तू मला कधी शिष्य म्हटलं नाहीस आणि मी तुला कधी गुरू म्हणणार नाही. असले शब्द आपण दोघींनी पत्रकांतून खोडले आहेत. पण तुझ्या यादीतली दहावी खूण काल मी केली. टेलरची. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि त्याच्या बापाच्या बाराव्याचं कार्ड, एकाच सीडीवर. तो सीडी हातात धरून म्हणाला, "हे मी चालवू कशावर?" मी म्हटलं, चालवू नका, माळ्यावर ठेवा. तो हसला आणि मग रडायला लागला, आणि मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी पुढचं नाव काढलं.

मी दमले आहे, ताई. दोनशेच्या वर नावं आहेत, आणि दीपक कामावरून सुटल्यावरच येऊ शकतो.

म्हणून आता पुन्हा वाचकांशी बोलते. महाडच्या कोर्टाजवळच्या, अर्ध्या शटरच्या त्या दुकानात तुम्ही कधीही काही टाईप करून घेतलं असेल, तर ते अजून तिथे आहे. अनंता भाऊंनी मे महिना संपेपर्यंत कॉम्प्युटर न हलवण्याचं कबूल केलंय. त्यानंतर तो पुसला जाईल, आणि त्याबद्दल कुणावर रागवायचा हक्क आपल्याला राहणार नाही. तुम्ही या. स्वतःला जमत नसेल तर मुंबईहून सुट्टीला आलेल्या मुलाला, सुनेला पाठवा. कोरी सीडी आणलीत तर बरं, नाही आणलीत तर आम्ही देऊ. घरी कॉम्प्युटर नसेल तर कागदावर काढून देऊ. गेलेल्या माणसाचं काही असेल तर त्याच्या घरच्यांनी न्या. शेजारच्या वाडीत हे वाचता न येणारं कुणी असेल तर त्यांना एवढं वाचून दाखवा.

पत्रिका होती की अर्ज होता, कुठल्या वर्षी होता, हे आठवलं नाही तरी चालेल. दारात या, आधी गाव सांगा, मग नाव.